शेवटची धार

दूध केंद्राच्या दाराशेजारी काळा फळा होता. त्यावर एरवी फॅटचे दर, पेंडीचा भाव आणि जनावरांचा डॉक्टर कोणत्या वारी येणार ते लिहिलेलं असे. त्या सोमवारी खाली डाव्या कोपऱ्यात तीन खाते क्रमांक लिहिले होते आणि त्यांच्यापुढे एकच शब्द होता: पाणी. मधला क्रमांक एकशे चौदा.

एकशे चौदा म्हणजे बाबा. हे रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे बाबा कॅन घेऊन आले तेव्हा कुणी फळ्याकडे बघितलं नाही. बघायचं टाळताना माणसाची मान जरा जास्तच ताठ होते, तशा सगळ्यांच्या माना ताठ झाल्या होत्या.

नियम जुना होता. सलग तीन दिवस फॅट साडेतीनच्या खाली आली की क्रमांक फळ्यावर. मग पंधरा दिवस त्या घरचं दूध रांगेत सगळ्यांत शेवटी घ्यायचं, वेगळ्या कॅनमध्ये ओतायचं आणि दर निम्मा द्यायचा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर खातं बंद. सुटकेची एकच वाट होती. खातेदारानं मागणी केली तर केंद्राची माणसं गोठ्यावर येत, त्यांच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि तेच दूध तपासायचं. याला गोठा-नमुना म्हणत.

केंद्रावरच्या मापाड्यानं बाबांना ती वाट सांगितली, तीही हळू आवाजात, कारण लहानपणी तो याच बाबांच्या गोठ्यात धार काढायला शिकला होता. बोलता बोलता त्यानं बाबांच्या कॅनचं घट्ट बसलेलं झाकण उघडून दिलं. गेले काही महिने ते रोज तोच उघडून देत असे.

बाबा म्हणाले, "माझ्या गोठ्यात कुणी यायचं नाही."

पाणी न घालणारा माणूस असं का म्हणेल, हा प्रश्न सगळ्यांना एकदमच पडला असावा. मापाड्यानं दूध वेगळ्या कॅनमध्ये ओतलं. त्या कॅनच्या कडीला लाल चिंधी बांधलेली होती.

*

घरी ही बातमी बाबांच्या आधी पोचली. ती आणली शेजारच्या वकिलानं. हा वकील काही शिकलेला नव्हता. कुंपणाच्या दोन हात जागेसाठी तो अकरा वर्षं कोर्टात गेला आणि हरला, तेव्हापासून लोक त्याला वकील म्हणत आणि तोही हाकेला ओ देत असे. आई तेव्हा दवाखान्याच्या चादरी पिळत होती. आठवड्याला साठ चादरी तिच्याकडे धुवायला येत. चादरीचं एक टोक खांबाच्या आकड्याला अडकवून दुसरं टोक ती मनगटावर गुंडाळून पिळायची, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

वकिलानं सगळं सांगून झाल्यावर, जाता जाता म्हटल्यासारखं विचारलं, "थोरली दुधाचंच शिकतेय ना? मग दोन वर्षांत किती लिटर शिकली?"

हा प्रश्न तो गेली दोन वर्षं विचारत होता. गोठ्यात पूर्वी तीन गायी होत्या. त्यातली तिसरी, ताजी व्यालेली, सगळ्यांत दुधाळ, विकून बाबांनी थोरलीला शहरात दुग्धशाळेच्या डिप्लोमाला घातलं होतं. गाय विकून दुधाचं शिक्षण, असं म्हणून लोक हसले होते. आईही तेव्हा हसणाऱ्यांत होती, पण तिचं हसणं तोंडातल्या तोंडात होतं. गाय गेली त्या दिवसापासून तिचा खुंटा रिकामा होता. बाबांनी तो उपटला नव्हता.

आता शेवटचे चार महिने उरले होते आणि शेवटची फी भरायची होती. निम्म्या दरानं ती निघणार नव्हती. खातं बंद झालं तर उरलेल्या दोन गायींचं दूध ओतायचं कुठे, हाच प्रश्न येणार होता. आईनं रात्रभर विचार केला नाही, तिला तशी सवय नव्हती. तिनं चादरी वाळत घातल्या, हात पुसले आणि थोरलीला फोन लावला. म्हणाली, ये. सामान घेऊनच ये, परत जायचं जमेल असं वाटत नाही.

*

थोरली फळ्यावर क्रमांक लागल्याच्या नवव्या दिवशी दुपारच्या एसटीनं आली. पिशवी खाली ठेवून तिनं पाणी प्यायलं आणि पहिल्यांदा केंद्राच्या पावत्या मागितल्या. त्या दारामागच्या खिळ्याला टोचलेल्या होत्या. धाकटी आठवीत होती, तिनं खुर्चीवर चढून त्या काढून दिल्या. दोघी बहिणींनी जमिनीवर तारखेप्रमाणे ओळी लावल्या. पाच महिन्यांच्या पावत्यांनी पुढची खोली भरली. आईला चूल गाठायला भिंतीला चिकटून जावं लागलं.

थंडी सुरू व्हायच्या आधी फॅट चार होती. मग तीन-आठ. मग तीन-सहा. मग तीन-चार, आणि आता तीन-एक. दूधही दिवसाला पाचेक लिटरनं कमी झालं होतं. पण प्रत्येक पावतीवर फॅटशेजारी आणखी एक आकडा असतो, डिग्री. दुधात काचेची नळी सोडून ते किती दाट आहे ते बघतात, तो आकडा. तो पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत एकोणतीसच्या आसपासच होता.

थोरली बराच वेळ त्या एकोणतिसांकडे बघत बसली. मग तिनं धाकटीला समजावलं. चारची फॅट पाणी घालून तीन-एकवर आणायची तर चार लिटरमध्ये लिटरभराहून जास्त पाणी घालावं लागेल. तेवढं पाणी घातलं तर डिग्री बावीस-तेवीसवर घसरेल. पाणी एकट्या फॅटला पातळ करत नाही, सगळ्यालाच करतं. इथे फॅट तेवढी गेली आहे आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे.

"म्हणजे बाबांनी पाणी घातलेलं नाही," धाकटी म्हणाली.

"नुसतं पाणी तर नाहीच," थोरली म्हणाली.

तो 'नुसतं' आईनं चुलीपाशी ऐकला.

संध्याकाळी थोरली पावत्या घेऊन केंद्रावर गेली. मापाड्यानं तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यानं जे सांगितलं ते तिला वाटेतच सुचलं होतं, फक्त दुसऱ्या कुणाला सुचू नये असं तिला वाटत होतं. दुधावरची साय काढून घेतली तर फॅट उतरते आणि डिग्री उलट चढते. मग त्यात बेतानं थोडं पाणी घातलं की डिग्री पुन्हा एकोणतीस. हुशार माणूस असंच करतो, मापाडी म्हणाला, आणि तुझे बाबा, आमचे दादा, हुशार आहेत. कागदावर यातून सुटका नाही. गोठा-नमुन्याला हो म्हणायला सांग.

थोरलीनं घरी येऊन हे आईला सांगितलं. आईच्या मनात हाच संशय होता. नवरा साय काढून नाक्यावरच्या हॉटेलात देत असेल आणि ते पैसे पोरीच्या फीसाठी साठवत असेल, असं तिला वाटत होतं. चार दिवसांपूर्वी तिनं त्याचा सदरा धुवायला घेतला तेव्हा आधी हुंगून बघितला होता. हे तिनं थोरलीला सांगितलं आणि सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हळूहळू उतरलीय गं फॅट," थोरली म्हणाली. "पाच महिने, रोज थोडी थोडी. चोर एवढ्या सावकाश चोरी करत नाही."

बाबांना तिनं जेवताना सरळ विचारलं, की नमुना द्यायला काय हरकत आहे. बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गेले. अर्धं जेवण तसंच राहिलं.

*

एकट्या गाईनं सगळ्या दुधाची फॅट एवढी उतरली नसती, दोन्ही गायींचं दूध एकाच वेळी पातळ झालं असणार. एक थोराड होती, दुसरी तिच्या निम्म्या वयाची. दोघींना एकच आजार एकाच आठवड्यात व्हावा आणि दोघींनी तो सारखाच वाढवावा, हे थोरलीला पटेना. मग दोघींमध्ये सारखं काय होतं? चारा, पाणी, गोठा आणि बाबा. चारा तिनं पाहिला, गेल्या वर्षीसारखाच होता. पाणी त्याच विहिरीचं. गोठा बघायला मात्र अडचण होती. बाबा धार काढायला बसले की गोठ्याचं दार आतून लावून घेत. गाय बुजते, असं त्यांनी घरात सांगितलं होतं. सगळा गाव पूर्वी ज्यांची धार बघायला गोठ्यात येऊन बसायचा, त्यांची गाय आता बुजत होती.

सकाळी बाबा कॅन सायकलला अडकवून केंद्रावर गेले आणि थोरली गोठ्यात शिरली.

आत गेल्यावर तिला पहिल्यांदा दिसल्या त्या कड्या. गायींच्या दाव्यांना पूर्वी गाठी असत, बाबांची गाठ कुणाला सुटत नसे. आता प्रत्येक दाव्याला लोखंडी कडी आणि आकडा होता. गव्हाणीच्या फळीची दोरी जाऊन तिथेही आकडा. बोटानं ढकललं की उघडावं असं सगळं. काम नीटनेटकं होतं, नवीन होतं आणि कुणी विचारल्याशिवाय केलेलं होतं.

मग तिनं वासराकडे बघितलं. गोठ्यात वासरू एकच होतं, धाकट्या गाईचं. त्याला घरात पहिलवान म्हणत, आणि ते नाव चेष्टेनं पडलेलं नव्हतं. पाठ इतकी रुंद, की वर पाटी ठेवली तर पडणार नाही. धाकट्या गाईचं पिऊन झाल्यावर ते थोराड गाईखाली शिरलं होतं आणि तीही मुकाट पाजत होती. धार काढून झाल्यावर वासराला मिळतं ते चार घोट, रिकाम्या सडाला ढुसण्या देत मिळवलेले. पहिलवान ढुसण्या देत नव्हतं. ते डोळे मिटून गटागटा पीत होतं आणि तोंडाच्या कडांनी फेस सांडत होता.

थोरलीनं त्याला कान धरून बाजूला बांधलं. कास हाताला भरलेली लागली. तिनं कोपऱ्यातला तांब्या घेतला, उकिडवी बसली आणि राहिलेलं दूध पिळून काढलं. ते पिवळसर होतं आणि बोटाला धरत होतं. तांब्या तिनं खिडकीत ठेवला. तासाभरानं बघितलं तर वर बोटाच्या पेराएवढी साय जमली होती.

याचं कारण तिला पुस्तकातून ठाऊक होतं आणि प्रयोगशाळेत तिनं स्वतः मोजलंही होतं. कासेतलं दूध वरपासून खालपर्यंत सारखं नसतं. पहिल्या धारा पातळ असतात, चरबीचे कण मागे कासेतच चिकटून राहतात आणि शेवटच्या धारांबरोबर बाहेर येतात. पहिल्या धारेत फॅट दीड-दोन, शेवटच्या धारेत सात-आठ. शेवटचं लिटर सोडून दिलं तर नुसतं एक लिटर जात नाही.

प्रश्न एवढाच होता, की तीस वर्षं कास कोरडी करून उठणारा माणूस शेवटचं लिटर सोडून का उठतो.

*

दुपारी बाबा बांधावर चारा कापत होते. थोरली पेंढ्या बांधायला गेली. थंडी ओसरत आली होती, पण वारा अजून कोरडा होता आणि हातावर पांढऱ्या रेघा उठत होत्या. बाबांनी विळा डाव्या हातात धरला होता. उजव्या हातानं ते चाऱ्याला नुसते रेटत होते, मूठ वळत नव्हती. तिनं चार-पाच पेंढ्या बांधून बाजूला रचल्या.

मग म्हणाली, "बाबा, उजवा हात बघू."

बाबांनी विळा खाली ठेवला. नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी हात पुढे केला, जनावराच्या डॉक्टरसमोर गाईचा खूर धरावा तसा, दुसऱ्या हातानं उचलून. अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ होती. तिनं अंगठा तळव्याकडे वळवायचा प्रयत्न केला, तो निम्म्यावर थांबला आणि बाबांचा श्वासही.

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून. सुरुवातीचं जमतं. पान्हा असतो, दूध आपणच उतरतं. शेवटी जोर लावावा लागतो, तेव्हा हातातून आग निघते." त्यांनी हात मागे घेतला. "म्हटलं, शेवटचं वासराला राहू दे. त्याचाच हक्क आहे."

"मला का नाही सांगितलं?"

"काय केलं असतंस? आली असतीस धार काढायला. तुझी आई म्हणाली असती, बरं झालं आली. चार महिने राहिलेत तुझे."

थोरलीनं त्यांना खिडकीतल्या तांब्याबद्दल सांगितलं. पहिली धार, मधली धार, शेवटची धार. बाबा ऐकता ऐकता बांधावर खाली बसले. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. एक लिटर जातंय, फॅट का उतरते ते कळत नाही, मापाड्याच्या मशीनमध्येच घोटाळा असणार, असं ते धरून चालले होते. तीस वर्षांत त्यांनी कधी कासेत थेंब ठेवला नव्हता, त्यामुळे ठेवल्यावर काय होतं हे कळायला त्यांना वावच मिळाला नव्हता.

"म्हणजे मी सगळी सायच पहिलवानाला पाजली," ते म्हणाले. "पाच महिने."

"त्याची तब्येत बघा ना."

बाबांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. पण नमुन्याचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा बंद झाला. चार लोकांना बोलवायचं, त्यांच्यासमोर बादली घेऊन बसायचं आणि हात चालत नाही ते दाखवायचं. याच हाताची धार बघायला लोक यायचे. ते हाताकडे बघत बसले.

"बाबा, आत्ता ते तुमच्याकडे पाणी घालणारा माणूस म्हणून बघतायत," थोरली म्हणाली. "त्यापेक्षा हात दुखणारा माणूस म्हणून बघू दे."

बाबा उठले. डाव्या हातानं विळा उचलला आणि पुढची मूठ कापली.

तेराव्या दिवशी सकाळी, लाल चिंधीच्या कॅनमध्ये दूध ओतलं जात असताना, त्यांनी मापाड्याला सांगितलं, "उद्या या गोठ्यात."

*

मापाडी आला तो फॅटचं मशीन खोक्यात घालून, बरोबर केंद्राचे चेअरमन आणि आमंत्रण नसताना वकील. थंडी होती म्हणून आईनं सगळ्यांना आधी चहा दिला. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. बाबांनी आईला काहीच सांगितलेलं नव्हतं. ती चौकटीला टेकून उभी होती, पदर दातात धरून, आता काय निघणार या काळजीनं.

थोरलीनं मापाड्याला आधीच विनंती केली होती, की दूध दोन बादल्यांत घ्यावं. पहिली बाबा काढतील ती, दुसरी मागे राहील ती. मापाड्याला हेतू कळला नव्हता, पण नियमात कुठे नाही म्हटलेलं नव्हतं. वासरू लांब बांधून ठेवलं. बाबा धाकट्या गाईखाली बसले.

पहिल्या धारा बादलीत वाजल्या तसे सगळे सैल झाले. आवाज जुनाच होता, एकामागून एक, मध्ये खंड न पडणारा. चेअरमननी मान हलवली. बादली निम्मी झाली, आवाज मऊ झाला, फेस चढला. मग उजव्या हाताची धार तुटायला लागली. डावा हात चालत होता आणि उजवा मध्ये मध्ये थांबत होता. बाबांनी अंगठा बाहेर ठेवून नुसत्या चार बोटांनी पिळायचा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. थंडीत आलेला तो घाम गोठ्यातल्या प्रत्येकानं बघितला. थोडा वेळ ते तसेच ओढत राहिले, मग त्यांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"एवढंच जमतं," ते म्हणाले.

मापाड्यानं मोजलं, सव्वापाच लिटर. नमुना मशीनला लावला. आकडा आला तीन-एक.

सगळ्यांदेखत, थेट कासेतून, पाणी नाही, साय काढलेली नाही, आणि तरी तीन-एक. चेअरमन मशीनकडे आणि गाईकडे आळीपाळीनं बघायला लागले. वकील म्हणाला, की कोर्टात यालाच पुरावा म्हणतात. कोर्टाचं त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

थोरली दुसरी बादली घेऊन पुढे झाली, तेवढ्यात आई चौकट सोडून आत आली. तिनं थोरलीच्या हातातून बादली घेतली, पदर खोचला आणि नवऱ्याला उठायची खूण केली. बाबा उठले. त्या घरात आईनं कधी धार काढलेली नव्हती, काढायची वेळच आली नव्हती. पहिल्या दोन वेळा बोटं घसरली. मग तिला लय सापडली. साठ चादरी पिळणारी मनगटं होती ती. गाईनं एकदा मागे वळून बघितलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं. आई कासेतला शेवटचा थेंब पडेपर्यंत उठली नाही.

सव्वा लिटर निघालं. मशीननं आकडा दाखवला, सात-सहा. मापाड्यानं तो नमुना पुन्हा लावला. पुन्हा सात-सहा.

"आता दोन्ही एकत्र करा," थोरली म्हणाली.

एकत्र केलं. चार.

मापाडी खोक्यावर बसला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मशीन कसं लावायचं, आकडा कसा वाचायचा आणि तो कमी आला तर पुढे काय लिहायचं, एवढंच त्याला शिकवलं होतं. त्यानं बाबांकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण बाबांनीच हातानं राहू दे म्हटलं. दुखऱ्या हातानं, मुद्दाम.

आई बादली खाली ठेवून नवऱ्याजवळ गेली. पाहुणे आहेत याचं तिला भान नव्हतं. तिनं त्याचा हात उलटा करून गाठ बघितली.

"पाच महिने शेजारी झोपतोय हा माणूस," ती म्हणाली, "आणि मी याचा सदरा हुंगत बसले."

"कशासाठी?" बाबांनी विचारलं.

आईनं हात सोडला. उद्यापासून सुरुवात तुम्ही करा, शेवट माझा, एवढं म्हणून ती चहाचे कप गोळा करायला लागली. डोळ्यांत आलेलं पाणी कपांवर वाकून लपवता येत होतं.

*

दोन दिवसांनी बाबा पुन्हा रांगेत आपल्या जुन्या जागी उभे राहिले, पुढून चौथ्या. फळ्याच्या कोपऱ्यातला मधला क्रमांक मापाड्यानं बाहीनंच पुसला होता, त्याची पांढरी रेघ बाहीवर राहिली होती. उरलेल्या दोन क्रमांकांपुढचा 'पाणी' हा शब्दही त्यानं पुसला होता, क्रमांक तेवढे ठेवले होते. त्या दोन्ही गोठ्यांत जाशील का, असं त्यानं थोरलीला विचारलं होतं. ती परीक्षेनंतर येते म्हणाली, तर चेअरमननी तोवर थांबायची तयारी दाखवली. आल्यावर केंद्राच्या कामाचंही बोलू म्हणाले, पगारासकट.

बाबांनी कॅन खाली ठेवला. झाकणाला हात लावला, मग काढून घेतला आणि मागे उभ्या असलेल्या वकिलाला म्हणाले, "जरा उघडून दे रे. माझा अंगठा चालत नाही."

वकिलानं उघडून दिलं. मशीनवर चार-एक आली आणि मापाड्यानं ती नेहमीपेक्षा मोठ्यांदा वाचली. थोरली तेव्हा एसटीसाठी तिथेच रस्त्याकडेला उभी होती, पिशवी खांद्याला. धाकटी तिच्या हातातलं पुस्तक चाळत होती आणि यातलं आठवीला काय कळेल असं विचारत होती.

वकिलाला राहवलं नाही. पण या वेळी त्यानं विचारलं ते साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. "मग काय दादा, पोरगी दोन वर्षांत किती लिटर शिकली?"

बाबांनी कॅन पुढे सरकवला.

"सव्वा लिटर," ते म्हणाले. "एका गाईमागे, एका वेळेला."

वकील बोटांवर मोजायला लागला. दोन गायी, सकाळ आणि संध्याकाळ. त्याचे ओठ हलत होते. पाचव्या बोटाशी तो थांबला आणि त्यानं बाबांकडे बघितलं. तिसरी गाय विकली तेव्हा दुधात होती, पण आधीच्या वेतांत आटत आल्यावर तीही दिवसाला एवढंच देत असे, हे त्याला शेजारी म्हणून पक्कं माहीत होतं.

एसटी आली. बाबांनी पिशवी उचलायला हात पुढे केला, पण थोरलीनं ती दिली नाही. मग त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. सदऱ्याची बाही सुटलेली होती.

"बटण लाव," ते म्हणाले.

तिनं ते सगळ्या रांगेसमोर लावलं आणि एसटीत चढली. मागे गावाच्या टोकाला गोठ्यात पहिलवान सकाळपासून हंबरत होतं. या सगळ्या व्यवहारात तेवढ्या एकाचंच नुकसान झालं होतं.